‘प्रयोजन’ आणि ‘महत्त्व’

‘युज्’ म्हणजे जोडणे. या धातूला ‘प्र’ उपसर्ग लागून सिद्ध झालेला ‘प्रयोजन’ हा शब्द, बैलाच्या मानेवरील ‘जू’ ज्या ‘युग’ शब्दापासून आले त्याच्याच गोत्राचा असल्यामुळे, कृतीला तिच्या फलाशी जोडणारा दुवा मला त्यात नेहमी स्पष्ट दिसतो. ‘महत्त्व’ हे मात्र ‘महत्’ला ‘त्व’ लागून झालेले, आणि म्हणूनच दोन तकारांचे (त्यांतला एक गाळलेला पाहणे मला फार खुपते), केवळ मोठेपणाचे नाव होय. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त यश, अर्थ, व्यवहारज्ञान, अमंगलाचा नाश, तत्काळ लाभणारा परमानंद आणि कांतेच्या मृदू वाणीसारखा उपदेश अशी सहा गणली, ती काव्याची प्रयोजने. उलट, कचेरीतील अर्जावर ‘महत्त्वाचा’ असा शेरा मारल्याने अर्ज कशासाठी केला हे उमगत नाही. ते अर्जदाराला मजकुरातच सांगावे लागते.