सदाशिव पेठेतील वार, माधुकरी आणि वर्ग

सदाशिवरावभाऊंचे नाव धारण करणाऱ्या पुण्याच्या या पेठेस विद्येची पेठ म्हणण्याची रूढी आहे. येथील शाळांचे इतिहास त्यांच्या महोत्सवी ग्रंथांतून वाचावयास मिळतात. इमारत कोणाच्या देणगीतून उभी राहिली, निकाल किती लागला, हे सारे त्यांत असते. परंतु परगावाहून आलेला मुलगा दुपारी कोठे जेवला, घरच्या आठवणीने रडू आले तेव्हा कोणापाशी बसला, आणि त्यास शिकविणाऱ्या मास्तरांच्या मनाची विचारपूस कोणी केली, हे त्यांत सहसा नसते. ज्ञातिबांधवांसमोर हीच बाजू ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

कोकणातून वा घाटावरील खेड्यांतून शिक्षणासाठी येणारा गरीब मुलगा पूर्वी वार लावून जेवत असे. सात वारांची सात घरे. सोमवारच्या घरी ताक मिळे, गुरुवारच्या घरी दोन पोळ्यांवर तिसरी मागण्याची सोय नसे, हे त्यास पंचांगाप्रमाणे पाठ असे. एखाद्या घरी सुतक आले, अथवा मंडळी गावी गेली, की त्या वारी उपास घडे. मुलाचा उतरलेला चेहरा पाहून “आईचे पत्र आले का रे?” असे विचारणारी माउली त्या सातांत एखादी असे. तिच्या घरचा वार मुलगा म्हातारपणीही विसरत नसे. तशीच शेवटच्या पंगतीस, उष्ट्यांशेजारी पान मांडणारी घरेही असत. दोन्ही प्रकारच्या आठवणी आम्ही वृद्धांच्या तोंडून ऐकल्या आहेत. वारांविषयी केवळ गहिवरून लिहिण्याची जी पद्धत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही.

शिवाय वार हे ब्राह्मण घरचे आणि ब्राह्मण मुलांसाठीच असत. ज्यांस ओसरी चढण्याचीही मुभा नव्हती, त्या मुलांस या पेठेतील अन्नाचा काय उपयोग? त्यांची सोय अन्यत्र झाली. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढविले व पुढे अनेक ज्ञातींच्या वसतिगृहांस आश्रय दिला. साताऱ्यास १९२४ साली भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुले एका स्वयंपाकावर जेवविली.

सदाशिव पेठेत १९०९ साली दादासाहेब केतकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनाथ विद्यार्थी गृह सुरू केले. हेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. तेथील मुलेही माधुकरी मागत. हाती झोळी तीच, दारेही तीच. परंतु वारावरचा मुलगा एकटा जाई व परक्याच्या डोळ्यांदेखत जेवे, तर गृहातील मुलगा आणलेले अन्न आपल्यासारख्याच मुलांत बसून खाई. लाज सर्वांच्या वाटणीस आली म्हणजे तिचा भार कमी होतो. आमच्या मते संस्थेचे खरे कार्य अन्नाइतकेच या सोबतीचे होते. पुढे तिने छापखाना चालविला व मुलांस हाताला कामही दिले.

आता मास्तरांविषयी. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली, तिच्या आजीव सभासदांनी वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करावी असा संकेत होता. गोपाळ कृष्ण गोखले ७५ रुपयांवर शिकवीत व १९०२ साली ३० रुपये निवृत्तिवेतनावर बाहेर पडले. हा त्याग थोर खराच. तथापि वेतनवाढ मागावी की न मागावी, बाहेरचे काम करावे की न करावे, यांवरून याच मंडळींची मने इतकी दुभंगली की १८९० साली टिळक संस्थेतून निघाले. आगरकर दम्याने जर्जर होऊन १८९५ साली वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले. कोणाचे बरोबर होते, हा वाद येथे नको. एका खोलीत बसणाऱ्या शिक्षकांचे दुखणे बोलून दाखविण्यास जागा नसली म्हणजे ते ठराव आणि राजीनामे यांच्या रूपाने बाहेर पडते, एवढेच आम्हांस दिसते.

यात आमचाही एक अपराध आहे. सुमारे १९८४ साली आमच्या वर्गात एक मुलगा रोज दुसऱ्या तासास डुलक्या घेई. आम्ही त्यास सर्व वर्गादेखत उभे करून “कुंभकर्ण” म्हटले, हातावर पट्टी मारली, वर्ग हसला. तो काही बोलला नाही. दुपारी शाळेचे शिपाई, ज्यांस सारी शाळा मामा म्हणे, आम्हांस म्हणाले, “गुरुजी, पोरगं पहाटे चारला उठून पेपर टाकतंय. येताना काही खात नाही. मी घंटेआधी चहा-पाव देतो, तेवढंच.” मामांस हे वर्षभर ठाऊक होते. शिक्षकांच्या खोलीत कोणास ठाऊक नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. त्या काळी आमचेही पहिले मूल आजारी होते आणि आम्ही रात्र रात्र जागत होतो. तेही कोणास ठाऊक नव्हते.

आम्ही नोकरीस लागण्यापूर्वी खासगी शाळांतून एका आकड्यावर सही करून दुसराच पगार हाती घेणारे शिक्षक होते. १९७७ चा सेवाशर्तींचा अधिनियम व १९८१ ची नियमावली यांनी नोकरीस स्थैर्य दिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांस शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास बंदी केली. आमची पट्टी आज गुन्हा ठरली असती, आणि ते योग्यच आहे. या पेठेत १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी काढली, तेव्हा मानसशास्त्र शाळेच्या कामी आणण्याचा विचार पुष्कळांस नवलाचा वाटला होता. हल्ली कित्येक शाळांतून समुपदेशक असतात. आमचे काही समवयस्क त्यांस थट्टेने “रडण्याचा तास” म्हणतात. आम्ही त्या थट्टेत सामील होत नाही.

मात्र अशा समुपदेशकाकडे मुलांस पाठविले जाते. शिक्षक स्वतः त्याच्या दारी गेल्याचे आम्ही क्वचितच ऐकले. शिपायांचे तर नावच नको.

मामा निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात शाळेतर्फे बोलण्याचे काम आमच्याकडे होते. त्यांचा वक्तशीरपणा, घंटेचा अचूकपणा, सारे आम्ही सांगितले. चहा-पावाचे सांगावयाचे राहून गेले, म्हणून ते येथे छापीत आहोत.