सरकार खाडीपलीकडे गेलंच नाही

आमचे काका १९८५ च्या सुमारास वाशीला राहायला गेले. सिडकोचं घर लागलं होतं. नोकरी मात्र मुंबईच्या पार दक्षिण टोकाला, एका सरकारी कार्यालयात. "थोडी वर्षं कळ काढ, ऑफिसच इकडे येणार आहे," असं ते काकूला सांगायचे. रोज बसने खाडी ओलांडून जायचे आणि रात्री उशिरा परत यायचे. पुढे लोकल आली, काका निवृत्तही झाले, ऑफिस काही आलं नाही.

घरात अजून ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. मलाही तो बरीच वर्षं काकांचा भाबडेपणा वाटायचा. नंतर नवी मुंबईच्या जन्माबद्दल वाचत गेलो तेव्हा कळलं की काका भाबडे बिबडे काही नव्हते. ते शहराच्या मूळ कल्पनेवर विश्वास ठेवून बसले होते, इतकंच.

ती कल्पना समजायला मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. दक्षिणोत्तर पसरलेली लांबट चिंचोळी पट्टी. नोकऱ्या दक्षिणेच्या टोकाला आणि नवी घरं उत्तरेकडे, दरवर्षी आणखी लांब. म्हणजे सकाळी सगळं शहर एका दिशेने धावणार, संध्याकाळी उलट्या. १९६१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या साडेएकेचाळीस लाखांच्या आसपास होती, १९७१ मध्ये ती साठ लाखांच्या घरात गेली. दहा वर्षांत अठरा लाख माणसं वाढली आणि ती सगळी त्याच दोनतीन रेल्वेमार्गांवर लटकली.

१९६० च्या दशकात महापालिकेचा विकास आराखडा चर्चेत होता. त्यावर चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे दोन वास्तुरचनाकार आणि शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंते, अशा तिघांनी वेगळंच काहीतरी सुचवलं. शहर उत्तरेकडे ताणत राहण्यापेक्षा ते पूर्वेला वळवा, खाडीपलीकडे मुख्य भूमीवर नवं शहर उभारा. मुल्कराज आनंद यांच्या 'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकात १९६५ साली ही मांडणी प्रसिद्ध झाली. कोरिया तेव्हा पस्तिशीचेही नव्हते!

त्या योजनेचे दोन पाय होते. पहिला पैशाचा. शेतजमीन शेतजमिनीच्या भावाने सरकारने घ्यायची, तिथे रस्ते, पाणी, गटारं करायची आणि विकसित भूखंड वाढलेल्या भावाने विकायचे. मधल्या फरकातून शहर उभं राहील. दुसरा पाय नोकऱ्यांचा. नुसती घरं बांधून नवं शहर होत नाही, ते झोपायला परत येण्याचं ठिकाण होतं. आधी नोकऱ्या हलल्या पाहिजेत आणि त्यातली सर्वांत मोठी, एका निर्णयाने हलवता येण्याजोगी नोकरी म्हणजे राज्य सरकार. सचिवालय पलीकडे गेलं की त्याच्यामागे वकील, कंपन्या, बँका, चहावाले सगळे आपोआप जातील, असा साधा हिशोब.

सरकारने कल्पना उडवून लावली असंही नाही. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने १९६६ मध्ये मुंबईचा विचार आसपासच्या प्रदेशासकट करायला सांगितलं. त्याच वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम झाला. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. कल्पना मांडणाऱ्यांतले कोरिया मुख्य वास्तुरचनाकार झाले, तर पटेलांकडे नियोजन आणि बांधकामाची जबाबदारी आली. ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या शहरासाठी मुक्रर झाली आणि वीस लाख लोकवस्तीचं उद्दिष्ट ठरलं. आपल्याकडे तिघांनी मासिकात लिहावं आणि पाच वर्षांत सरकारने महामंडळ काढावं, हे किती वेळा घडलं असेल?

आणि इथूनच गाडी रुळावरून घसरते.

खाडीपलीकडे शहराची आखणी चालू होती त्याच वर्षांत अलीकडे नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घातलेल्या जमिनीवर एकामागून एक उंच इमारती उभ्या राहत होत्या. एअर इंडियाची तेवीस मजली इमारत १९७४ ची. म्हणजे एका हाताने नोकऱ्या दक्षिण टोकावरून हलवायच्या म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच टोकाला कार्यालयांसाठी भूखंड द्यायचे. सचिवालय जागचं हललं नाही. १९७५ मध्ये त्याचं नाव तेवढं बदलून मंत्रालय झालं. बेलापूरच्या मध्यवर्ती भागाला 'सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट' म्हणायचं ठरलं, लोक आजही सीबीडी म्हणतात. तिथे कोकण भवन झालं, विभागीय आयुक्त आले. मंत्री आणि सचिव आले नाहीत. कारण शोधायला फार लांब जायला नको. ज्यांनी जायचं त्यांची घरं, मुलांच्या शाळा, क्लब, ओळखीपाळखी सगळं दक्षिण मुंबईत. आणि जायचं की नाही हे ठरवणारेही तेच.

पहिला पाय मात्र कामाला लागला. ही जमीन नकाशावर रिकामी दिसत असेल, प्रत्यक्षात तिथे आगरी, कोळी, कराडी लोकांची भातशेती, मिठागरं आणि मासेमारी होती. त्यांना जायचं की नाही असं कुणी विचारलं नाही. भूसंपादनाची नोटीस आली. मोबदला शेतजमिनीचा आणि शेजारच्या भूखंडाची विक्री शहराच्या भावाने, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांचा जीव गेला. त्यानंतर कुठे 'साडेबारा टक्के' योजना पदरात पडली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी काही भाग कापला जातो. गावठाणांत वाढत्या कुटुंबांनी बांधलेल्या 'गरजेपोटीच्या घरांचा' वाद तर पुढे कित्येक दशकं चालला.

माझ्या डोक्यात बसलंय ते हे. योजनेत दोघांना जागा सोडायची होती, शेतकऱ्याला आणि सरकारला. शेतकऱ्याला नाही म्हणता येत नव्हतं, सरकारला येत होतं. दोघांनी सोडली असती तर निदान सगळ्यांनी मिळून किंमत मोजली असं म्हणता आलं असतं.

म्हणून योजना फसली असं मी म्हणणार नाही. काकूसमोर तर मुळीच नाही, तिला वाशी प्राणापेक्षा प्रिय! वाशीचा पूल १९७३ ला झाला. लोकल यायला १९९२ उजाडलं, तीही सिडकोने खर्चाचा मोठा वाटा उचलल्यावर. घाऊक बाजार मात्र टप्प्याटप्प्याने खरोखरच हलले. कांदेबटाटे, मसाले, धान्य, फळं, भाजी. म्हणजे व्यापाऱ्याला हलवता आलं, कुरकुर करत का होईना. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या ११ लाखांवर होती. रुंद रस्ते, झाडं, पाणी या बाबतीत मुंबईकर तिचा हेवा करतात. पण मुंबईची गर्दी कमी झाली का? २०११ मध्ये तिथे १ कोटी २४ लाख माणसं होती.

आता शेवटचं. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू खुला झाला. जवळपास २२ किलोमीटर. सेतू उतरतो तो उरण तालुक्यात, जासईच्याच परिसरात. १९६५ मध्ये त्या तिघांनी खाडीपलीकडे बोट दाखवलं होतं, तिथे आता गाडीने वीस मिनिटांत पोचता येतं. आणि त्यानंतर दोनच महिन्यांत, मार्चमध्ये, नरिमन पॉइंटची ती एअर इंडिया इमारत राज्य सरकारला १६०१ कोटी रुपयांना विकायला केंद्राने मंजुरी दिली. कशासाठी? २०१२ च्या आगीनंतर मंत्रालयाची काही खाती इकडेतिकडे भाड्याच्या जागेत विखुरली होती. त्यांना मंत्रालयाजवळ आणायचं होतं.

मी ही बातमी काकांना फोनवर वाचून दाखवली. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "चला, म्हणजे आता वाट बघायला नको."