ऐकलेले पिक्चर

आमच्या कोल्हापुरात पिक्चर पाहिलेल्या माणसांपेक्षा पिक्चर ऐकलेली माणसं कायमच जास्त होती. तिकिटाचे पैसे घरटी एखाद्यालाच मिळायचे. तो जाऊन यायचा आणि मग उरलेल्यांना सगळा पिक्चर सांगायचा. नावं पडतात तिथून ते 'समाप्त'पर्यंत, गाण्यांसकट, फायटिंगसकट, मध्यंतरात कोण कोण भेटलं त्यासकट. दिवाळीच्या सुट्टीत तर हा उद्योग ऐन भरात असायचा. किल्ल्याची माती वाळत घातलेली, हाताला चकलीचं तेल, आणि मधोमध कुणीतरी 'ष्टोरी' सांगत बसलेला. मी आज सिनेमावेडा आहे, कॉमिक्सवेडा आहे, पन्नाशी जवळ आली तरी तसाच आहे. हे वेड मला पडद्यावरून लागलं असं वाटत नाही. ते कानावरून आलं आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आलं.

'सैरंध्री' मला जी माहीत आहे ती अशीच. बाबूराव पेंटरांचा हा मूकपट १९२० चा. पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी कॅमेरा मिळणं अवघड होतं, तेव्हा या माणसानं कोल्हापुरातच खटपट करून स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. आमच्या पणजोबांनी तो सिनेमा पाहिला होता. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका हुबेहूब उतरला होता की लोक घाबरून गेले, आणि पुढे सेन्सॉरनं त्यावर कात्री चालवली. पणजोबांनी ते आजोबांना सांगितलं, आजोबांनी मला. सांगताना आजोबा उठून उभे राहायचे, पंचा खांद्यावरून कमरेला बांधायचे आणि अंधारात पलंगावर दबा धरून बसलेल्या भीमाकडे जाणारा कीचक व्हायचे. त्यांनी स्वतः तो सिनेमा पाहिलेलाच नव्हता! पण पणजोबांचा हातवारा त्यांच्या हातात उतरला होता.

'सैरंध्री'ची प्रत काळाच्या ओघात गेली. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले फारच थोडे उरले. काही जळले, काही सडले, काहींतली चांदी काढून घेतली गेली. म्हणून आजोबांचा तो पंचा मला मोलाचा वाटतो. जिथे फिल्म उरली नाही तिथे निदान कुणाच्या तरी अंगात तिची एक लकब उरली.

आजोबांचा स्वतःचा सिनेमा मात्र 'संत तुकाराम'. १९३६ साली ते दहा वर्षांचे होते. तो काढणारी 'प्रभात' कंपनी तोवर कोल्हापूर सोडून पुण्याला गेली होती, त्याची खंत आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना शेवटपर्यंत होती. १९२९ मध्ये आपल्या गावात सुरू झालेली कंपनी १९३३ मध्ये पुण्याची झाली, हे त्यांना घरातली लेक दूर दिल्यासारखं लागलेलं. तरी 'संत तुकाराम'चे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल हे 'आपलेच', पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, असं ते ठासून सांगायचे. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात 'संत तुकाराम' सलग ५७ आठवडे चालला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची वाखाणणी झाली. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले की लोक हात जोडायचे, हे तर सगळेच सांगतात. आजोबा सांगायचे ते वेगळं. त्यांचा सगळा जीव शेवटच्या गरुडात अडकला होता. तो अवाढव्य गरुड खाली उतरतो, तुकोबांना घेतो आणि पंख हलवत वर जातो. दहा वर्षांचा पोरगा थिएटरातून घरी आला तो भक्तीनं भारावून नव्हे. गरुड उडवला कसा, तारा कुठे लपवल्या, या प्रश्नानं झपाटून. आज माझी अकरा वर्षांची भाची सुपरहिरोंच्या उड्यांबद्दल नेमकं हेच विचारते. आमच्या घराण्यातला पहिला स्पेशल इफेक्टवेडा म्हणून मी आजोबांना मनापासून मानतो.

आज्जी वेंगुर्ल्याकडची, आरवलीच्या पंचक्रोशीतली. लग्न होऊन घाटावर आली ती आपला वेतोबा बरोबर घेऊनच. आरवलीचा वेतोबा गावाचा राखणदार. रात्री सगळ्या सीमेवरून फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात आणि नवसाला केळीचे घड देतात. पुढे १९६४ च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी 'इंद्रजाल कॉमिक्स' काढलं. नऊ वर्षांच्या काकानं ते घरात आणलं आणि आज्जीला सांगितलं, "आई, यात वेताळ आहे. जंगलात राहतो, बुरखा घालतो, रात्री फिरतो, कधी मरत नाही." आज्जीनं पोळपाट बाजूला सारून पुस्तक हातात घेतलं. घट्ट कपडे, कवटीची अंगठी, कवटीच्या आकाराची गुहा. बराच वेळ बघून म्हणाली, "आमचो वेतोबा तोंड झाकून फिरणा नाय रे. आणि ह्याच्या पायाक वहाणो कोण देता?"

काकाला उत्तर देता आलं नाही. पण त्या दिवसापासून दोघांत एक करार झाला, आणि तो काकाच्या सगळ्या लहानपणभर चालला. काकानं वेताळाचा अंक वाचून दाखवायचा, बदल्यात आज्जीनं वेतोबाची एक गोष्ट सांगायची. काका सांगे की हा वेताळ एकविसावा. पंधराशे छत्तीस साली समुद्री चाच्यांनी बापाला मारलं तेव्हा पहिल्यानं कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून बाप गेला की मुलगा बुरखा चढवतो, म्हणून लोकांना वाटतं हा अमर आहे. आज्जीला हे फार पटलं. आमच्याकडे पुजारीपण असंच चालतं, म्हणाली. ली फॉक यांनी १९३६ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी उभा केलेला हा नायक वेंगुर्ल्याच्या एका बाईला अजिबात परका वाटला नाही. आणि गंमत म्हणजे १९३६ हेच आजोबांच्या गरुडाचं साल. आमच्या घरात दोघांचा जन्म एकाच वर्षीचा.

काकानं ते अंक जपले, म्हणून माझ्यापर्यंत पोचले. दहा-दहा अंक एकत्र करून त्यानं बाइंडरकडून शिवून घेतले होते. जाड पुठ्ठा, पाठीला लाल कापड, आत दाभणानं ओवलेला दोरा. दोरा इतका आत गेलेला की डाव्या पानावरच्या फुग्यांतली शेवटची अक्षरं शिवणीत गडप झालेली. ती अंदाजानं वाचायची. छपाईत कधी कधी रंगाचा ठसा सरकलेला असे, मग मँड्रेक जादूगाराच्या टोपीचा काळा रंग टोपीच्या बाहेर हवेत तरंगायचा. आणि प्रत्येक पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर बोटांचा तपकिरी डाग. त्या डागात गल्लीतली सगळी पोरं आहेत. कारण काका अंक भाड्यानं द्यायचा, दिवसाला पाच पैसे, आणि ज्याच्याकडे पाच पैसे नसतील त्यानं पाहिलेल्या एका पिक्चरची ष्टोरी सांगायची. पैशापेक्षा ष्टोरीचं भाडंच जास्त जमा झालं, असं काका अजून अभिमानानं सांगतो.

त्याच १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, आणि पी. के. नायर यांनी देशभर हिंडून फिल्मचे डबे गोळा केले, फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेषही मिळवले. कॉमिक्सला असा कुणी नायर लाभला नाही. इंद्रजालचे अंक १९९० पर्यंत येत राहिले, मराठीतही निघाले, आणि त्यातले बहुतेक रद्दीत गेले. जे राहिले ते अशा काकांच्या ट्रंकांमुळे. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आबिद सुरतींचा 'बहादूर' १९७६ मध्ये आला, भगवा कुर्ता आणि जीन्स घातलेला आपल्या मातीतला नायक. त्याच्या मराठी अंकांची पूर्ण रांग एका जागी बघायला मिळावी ही माझी जुनी इच्छा आहे.

इंद्रजालच्या सुरुवातीच्या काळात तिथे असलेले अनंत पै बाहेर पडले आणि त्यांनी १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही त्यातल्या चित्रकारांची नावं आम्हाला हिरोंच्या नावांसारखी पाठ होती. मुळीकांचा हात मी लांबून ओळखायचो. घोड्याच्या मानेचा बाक आणि माणसाच्या दंडावरची सावली त्यांच्यासारखी कुणी काढत नसे. पौराणिक राजे काढणाऱ्या त्याच हातानं ऐंशीच्या दशकात अमिताभ बच्चनला 'सुप्रीमो' करून कॉमिकमध्ये आणलं आणि पुढे 'नागराज'ही काढला. सिनेमा आणि कॉमिक यांच्यात आमच्या मनात कधी भिंत नव्हती, कारण ती काढणाऱ्यांच्या हातातच नव्हती. 'चांदोबा' मासिक घ्या. तो ज्या नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासला सुरू केला, त्यांनीच १९५७ चा 'मायाबाजार' केला. शंकर यांनी काढलेला, खांद्यावर प्रेत घेऊन तलवार परजत चाललेला विक्रम मी आजही डोळे मिटून रेषेरेषेनं सांगू शकतो.

आता फिल्मच्या तुकड्यांबद्दल. थिएटरच्या मागे कापलेली फिल्म मिळायची. हातभर तुकडा, त्यात चोवीसेक चौकटी, म्हणजे पडद्यावरचा जेमतेम एक सेकंद. तो सेकंद आम्ही अख्खी सुट्टी पुरवायचो. गेलेल्या बल्बच्या बुडाची काळी लाख फोडून आतली काच हलकेच काढायची, बल्ब स्वच्छ पाण्यानं भरायचा: हे भिंग. माजघराची दारं-खिडक्या घोंगड्यांनी बंद, फक्त एका फटीतून ऊन आत. अंगणात एकानं आरसा धरायचा आणि कवडसा फटीत मारायचा. पुठ्ठ्याच्या चौकटीत फिल्म उलटी धरायची, मागेपुढे करायची, आणि आजोबांच्या पांढऱ्या धोतरावर माणसाएवढा धर्मेंद्र उभा राहायचा. हलायचा नाही. सूर्य सरकला की तोही सरकायचा. आरसावाल्याचा हात थरथरला की सगळे ओरडायचे. आणि चित्र हलत नाही म्हणूनच सांगणारा लागायचा. आमच्यातला एक वकिलांचा मुलगा होता, तो त्या एका चौकटीवरून अर्धा तास बोलायचा. आधी काय झालं, नंतर काय होणार, मागच्या झाडाआड कोण लपलंय. पुढे तो अख्खा पिक्चर मी थिएटरात पाहिला. झाडाआड कुणीच नव्हतं. पण मला अजूनही त्या झाडाआड माणूस दिसतो.

महेश कोठाऱ्यांचे पिक्चर आमच्या वयाचे. 'धडाकेबाज' १९९० चा, त्यातला कवट्या महाकाळ. 'झपाटलेला' १९९३ चा, त्यातला तात्या विंचू. रामदास पाध्यांच्या हातचा तो बाहुला आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे. विहिरीकाठी बसून आम्ही तात्या विंचूची सगळी वाक्यं आवाज काढून म्हणायचो. मित्रांमित्रांत ज्याला तो आवाज जमला त्याला त्या सुट्टीत कुणी काही कमी पडू दिलं नाही. घरोघरचा चिवडा त्याच्याकडे आधी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचून 'ट्टॉक' करायला शिकलेली हीच पोरं. २०१७ मध्ये अमेय वाघचा 'फास्टर फेणे' आला तेव्हा आम्ही सगळे पोराबाळांसह एका रांगेत बसलो होतो, आणि पडद्यावर 'ट्टॉक' वाजलं की आधी बाप ओरडत होते.

आता दिवाळीत सगळे परततात. एक बेंगळुरूहून, एक न्यू जर्सीहून, वकिलांचा मुलगा इथेच असतो, तोही वकील झाला. गच्चीवर बसतो. भाचीला या टोळक्यात मानाची जागा आहे, कारण २०२३ मध्ये 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' आला तेव्हा तो तिनं मराठीतून पाहिला होता आणि आमच्यापैकी निम्म्यांनी पाहिला नव्हता. तिनं सांगितला. मुंबईसारख्या एका शहरातला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर, त्याचे केस, त्याची झेप, पूल कोसळतो तो प्रसंग. मध्येच ती उठली, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि कठड्यापासून दोन पावलं मागे सरून उडीचा पवित्रा घेतला. ऐंशीच्या घरातल्या माझ्या आईनं तिला थांबवून विचारलं, "या पोराचं गाव कुठलं?" भाचीला माहीत नव्हतं. मी सांगितलं की २००४ मध्ये हा पवित्र पहिल्यांदा कॉमिकमध्ये आला तेव्हा तो खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला, धोतर नेसणारा मुलगा होता. आईचं समाधान झालं. "मग त्याला दिवाळीला घरी जायला मिळतं का?" तिनं पुढचा प्रश्न टाकला.

यंदा ठरलंय असं की गच्चीवर चादर बांधायची आणि पोरांना 'संत तुकाराम' दाखवायचा. प्रोजेक्टर न्यू जर्सीवाला आणणार. 'झपाटलेला' आधी लावावा असा बेंगळुरूवाल्याचा हट्ट आहे, पोरं मग टिकून बसतील म्हणे. वकील म्हणतो काहीच लावू नका, मी सांगतो. भाचीनं तिघांनाही गप्प करून जाहीर केलंय की गरुडाचा भाग आला की पिक्चर थांबवायचा, कारण तारा कुठे लपवल्या आहेत ते तिला शोधायचंय.