देवी आल्या, देवी गेल्या

गेल्या आठवड्यात आमच्या गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते राहिले बाजूला आणि तासभर भांडण झालं ते गोवरावरून. आमच्यातल्या एकीच्या मुलाला ताप येऊन अंगभर पुरळ उठलं होतं. सासूबाईंनी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला आणि आशाताईंना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "घरात बाया आल्यात, सुईचं नाव काढू नका," म्हणाल्या. सून बैठकीत येऊन रडली. बायकांचे दोन तट पडले. काही म्हणाल्या, हा शुद्ध अडाणीपणा. काही म्हणाल्या, देवाचं देवाला, आपण मध्ये पडू नये. मी समन्वयक, माझ्याकडे सगळ्या बघायला लागल्या आणि मला धड काही बोलता आलं नाही. बी.ए.ला इतिहास होता माझा. त्या दिवशी सुचलं नाही ते आज रेडिओवरून सांगते.

माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे व्रण होते. तिची धाकटी बहीण त्याच साथीत गेली. पण आजी कधी "रोग" म्हणाली नाही, "देवी आल्या होत्या" असंच म्हणायची. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं. बहीण नेली, तोंड बिघडवलं, आणि वर तिलाच नमस्कार! आता वाटतं, दुसरं काय होतं त्या बायकांच्या हातात? दहा आजाऱ्यांतले तीन दगावत. जगलेल्यांपैकी काहींचे डोळे जात. औषध नव्हतंच. मग आई शीतळादेवीला शांत ठेवायची. घरात फोडणी नाही, तळण नाही, पोराच्या अंगाखाली कडुलिंबाचा पाला, बाहेरच्या माणसाने आत यायचं नाही. या शेवटच्या नियमाने साथ थोडीफार अडली असेल असं मला वाटतं. पाल्याने मात्र रोग बरा होत नव्हता, हेही तितकंच खरं.

बंगालमध्ये तर लस येण्याआधीपासून टीकादार लोक गावोगाव फिरायचे. शीतलादेवीची पूजा करायची, पथ्य सांगायचं आणि देवीच्या फोडातला थोडासा अंश निरोगी मुलाच्या कातडीत टोचायचा. मुलाला हलक्या देवी यायच्या आणि मग जन्मात पुन्हा येत नसत. म्हणजे पूजा आणि टोचणं एकाच माणसाच्या हातून व्हायचं. यात धोका होता. टोचलेल्यांपैकी एखादं दगावायचं आणि त्याच्यापासून दुसऱ्यांना लागणही व्हायची. म्हणून 1865 साली कलकत्त्यात कायद्याने हे बंद केलं.

तोवर नवी लस आली होती. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर या डॉक्टरने 1796 साली, गवळणीच्या हातावर आलेल्या गाईच्या देवीतला द्रव एका मुलाला टोचून पाहिला. तो द्रव बगदाद, बसरा असा प्रवास करत मुंबईला पोचला. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला तो टोचला. हिंदुस्थानात लस लागू पडलेली ही पहिली मुलगी. जुन्या कागदांत तिच्या शांत स्वभावाचं कौतुक आहे, बाकी फारसं काही नाही. तिच्या हातावरच्या फोडातून मुंबईतल्या आणखी मुलांना टोचलं, तिथून लस पुण्याला, हैदराबादला, मद्रासला गेली. बर्फाची पेटी नव्हती तेव्हा. मुलाचा हात हीच पेटी.

आता सांगा, आपण असतो तर दिलं असतं का आपलं मूल? कुणाच्या तरी पोराच्या फोडातलं पाणी आपल्या पोराच्या अंगात. त्यात जात आली, विटाळ आला. आठव्या दिवशी सरकारी माणूस परत येणार आणि आपल्याच पोराचा फोड उकलून दुसऱ्यासाठी नेणार. आयांनी पोरं लपवली तर त्याला मी नुसती अंधश्रद्धा म्हणणार नाही. आणि विरोध फक्त न शिकलेल्यांनी केला असंही नाही. गांधीजींनी आरोग्यावरच्या आपल्या पुस्तकात देवी टोचण्याला विरोधच केला आहे.

म्हैसूरच्या राजघराण्याने वेगळं केलं. 1805च्या सुमारास तिथल्या तीन राण्यांचं एक चित्र एका आयरिश चित्रकाराने काढलं. त्यातली एक राणी पदर बाजूला सारून दंड दाखवते आहे. अभ्यासक म्हणतात, ती लस टोचल्याची जागा दाखवते. राणीने टोचून घेतलं, तर रयतेची भीती कमी होईल, असा तो विचार.

तरी देवी आपल्या देशातून जायला 1975 साल उजाडलं. आदल्याच वर्षी, 1974 मध्ये, बिहारमध्ये मोठी साथ आली आणि हजारो माणसं मेली. आरोग्य कर्मचारी देवी आलेल्या मुलाचं चित्र हातात घेऊन घरोघर विचारत फिरले, असं कुणी पाहिलं का म्हणून. रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस होतं, शेवटी शेवटी ते एक हजार रुपयांवर गेलं. त्या मोहिमेत लॅरी ब्रिलियंट नावाचा अमेरिकन डॉक्टर होता. हा गडी आधी नीम करोली बाबांच्या आश्रमात राहत होता. बाबांनीच त्याला दिल्लीला पाठवलं, जा, देवी घालवण्याचं काम कर म्हणून. तिथल्या कचेरीने त्याला बरेचदा परत पाठवलं, तरी हा जात राहिला.

त्यानेच पुढे लिहून ठेवलेली एक हकिगत मला सोडत नाही. सिंहभूम जिल्ह्यात हो आदिवासींच्या एका गावात एक घर लस घ्यायला तयार नव्हतं. पथक रात्री दार मोडून आत शिरलं. झटापट झाली, घरमालकाला आणि त्याच्या बायकोला धरून टोचलं. सगळं संपल्यावर तो माणूस उठला, आपल्या मळ्यातली काकडी तोडून आणली आणि पथकाला दिली. म्हणाला ते साधारण असं: देवाच्या इच्छेवर सोडणं हा माझा धर्म, सुई टोचणं हा तुमचा. दोघांनी आपापलं केलं. आता तुम्ही पाहुणे आहात.

ही गोष्ट लोक त्या माणसाच्या मोठेपणासाठी सांगतात. मला त्याची बायको आठवते. मध्यरात्री परके पुरुष घरात घुसले, हात पिरगाळून टोचलं, आणि तिला काय वाटलं ते कुणाला सांगावंसं वाटलं नाही. देवी गेल्या ते चांगलंच झालं. 8 मे 1980 रोजी सगळं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. आईच्या हातावर ती गोल खूण आहे, माझ्या दंडावर आहे ती बीसीजीची. पण ती रात्र चांगली नव्हती.

म्हणून बैठकीनंतर मी आणि आशाताई त्या घरी गेलो ते पुन्हा परवानगी मागायला. ओसरीवरच बसलो. सासूबाईंना सांगितलं की आजारी पोराला सुई द्यायचीच नाही, अ जीवनसत्त्वाचे डोस द्यायचेत, दोन दिवस, तोंडातून, आणि ताप उतरेना किंवा धाप लागली तर दवाखान्यात न्यायचं. त्या गप्प झाल्या. सुईवरून आठ दिवस भांडण आणि त्या पोराला सुई नव्हतीच! आम्हीही हे आधी नीट सांगितलं नव्हतं, ही आमची चूक. डहाळ्याला कुणी हात लावला नाही. डोस त्यांनी स्वतःच्या हाताने पाजला.

शेजारच्या जावेची दहा महिन्यांची मुलगी आहे, तिची गोवराची लस राहिली आहे. ती बुधवारी अंगणवाडीत आणते म्हणाली. सासूबाई म्हणतात, बाया गेल्याशिवाय नको. मी मंगळवारी पुन्हा जाणार आहे.