नांगराची निशाणी व दौत

बैल किंवा नांगर कोरलेली जुनी दौत हातीं आली म्हणजे ती शेतकऱ्याच्या घरची असावी, असें अनुमान करण्याचा मोह संग्राहकास होतो. वसई प्रांतापुरतें तरी हें अनुमान तपासून घेणें अवश्य आहे.

वसई इ. स. १५३४ त पोर्तुगीजांकडे गेली व मे १७३९ त चिमाजीअप्पांनीं ती घेतली. भात, ऊंस, केळीं व पानवेली यांचा हा मुलूख. त्याच्या वसुलाचा हिशेब दोन्ही राजवटींस ठेवावा लागला. सिमांव बोतेल्यु याच्या इ. स. १५५४ च्या तोंबोंत वसईच्या उत्पन्नाची नोंद आहे. पुढें मराठी अमलांत हेच हिशेब बोरूनें मोडींत लिहिले जाऊं लागले. अर्थात् दौत हें मुख्यतः कारकुनाचें साधन. देशावरील महजरांत पाटलाच्या नांवापुढें नांगराची निशाणी आढळते, ती याच दौतींतील शाईनें उमटलेली. तेव्हां शेतीचें अस्सल चिन्ह धातूपेक्षां कागदावरच अधिक निश्चयानें सांपडतें.

दौतीच्या परीक्षेचीं गमकें थोडक्यांत अशीं. तांबें व कथील यांचें कांसें, तांबें व जस्त यांचें पितळ. ‘ब्राँझ’ एवढ्या नांवावर विसंबूं नये. बैलाच्या मानेवर जूं असेल तरच तो निःसंशय शेतीचा; एरवीं तो नंदी असूं शकेल. आंब्याच्या आकाराची कुयरी बहुधा कुंकवाची असते. तिला दौत ठरविण्यापूर्वीं आंत काजळ व डिंक यांच्या शाईचा थर, किंवा शाई धरून ठेवणारा चिंधीचा बोळा, आहे कीं नाहीं तें पाहावें. चिंचेनें घांसून दौत लखलखीत केली कीं हा पुरावा धुऊन जातो.

परंतु सर्वांत मोठी हानि निराळीच आहे. जुनें घर मोडतांना दौत मोडीच्या भावानें एकीकडे जाते व मोडी कागद रद्दींत दुसरीकडे जातात. पुढें दौत उरली तरी ती कोणत्या हिशेबाची हें सांगणारें कोणी उरत नाहीं. यास्तव दौत घेतेवेळीं ती कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्यांत, कोणत्या रुमालाजवळ सांपडली, याचें टिपण त्याच दिवशीं करावें. आणि शक्य तर दौतीआधीं दप्तर मागावें. दौतीवर नांगर नसला तरी चालेल. ज्या कागदावर तो आहे तो कागद मात्र जाऊं देऊं नये.