जैसे थे करार आणि निर्गतबंदी

ब्रिटिश सत्ता १९४७ च्या ऑगस्टमध्ये गेली, तेव्हा बीदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते. शेजारचा सोलापूर जिल्हा मुंबई प्रांतात होता. भाषा, नातीगोती आणि बाजार यांनी दोन्ही बाजू जोडलेल्या होत्या. मध्ये उभा होता तो निजामाचा करोडगिरीचा नाका. एकीकडे हाली शिक्का, दुसरीकडे कलदार रुपया. सरहद्दीवरील पेठांना मात्र दोन्ही नाण्यांशी व्यवहार ठेवावा लागे.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण व दळणवळण यांसह समाईक बाबींत ब्रिटिश अमदानीतील व्यवस्था तशीच चालू राहावी, असे त्याचे सार होते. तथापि जुनी व्यवस्था नेमकी कोणती, हे त्यात विस्ताराने सांगितलेले नव्हते. वादाचे मूळ येथेच होते.

पुढे लवकरच निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातूंच्या भारतात होणाऱ्या निर्गतीवर निर्बंध घातले. दुसऱ्याने भारतीय चलन राज्यात अवैध ठरविले. दिल्लीच्या मते हा उघड करारभंग होता. हैदराबादला ते मान्य नव्हते. उलट हैदराबादची तक्रार अशी की, शस्त्रेच नव्हेत तर औषधे, मीठ आणि पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीनही भारताच्या हद्दीत अडविले जाते. आर्थिक नाकेबंदीचे आपले धोरण नाही, असे दिल्ली सांगत होती. माल तर अडत होता. पण तो कोणाच्या हुकमाने व कोणत्या कायद्याने, याचा उलगडा होत नव्हता.

वस्तुतः अशा प्रसंगासाठी करारातच एक कलम होते. दोन्ही पक्षांनी एकेक लवाद नेमावा, त्या दोघांनी सरपंच निवडावा आणि वाद त्यांच्यापुढे ठेवावा, असे ते कलम. हैदराबादने लवादाची मागणीही केली. पण लवाद कधी बसलाच नाही.

जेथे निर्णय नाही तेथे चोरवाट निघते. सिडने कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९४८ मध्ये कराचीहून विमाने भरून शस्त्रे आणली व ती बीदरसारख्या तळांवर उतरविली. पुढे लंडनच्या न्यायालयाने त्याला २०० पौंड दंड केला. इकडे रझाकारांचा जुलूम वाढत होता. १३ सप्टेंबरला भारतीय सेना राज्यात शिरली, १७ तारखेस पहाटे ती बीदरला पोहोचली आणि त्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेले म्हणून जे चार जिल्हे नोंदविले, त्यांत उस्मानाबाद व नांदेड यांच्याबरोबर गुलबर्गा आणि बीदर हेही होते.

शस्त्र कशास म्हणावे आणि ते सीमेपार नेण्यास कोणी मनाई करावी, हा प्रश्न पुढे अमेरिकेत निराळ्या रूपाने उभा राहिला. तेथे गुप्तलेखनाच्या संगणक आज्ञावली युद्धसामग्रीच्या यादीत घातलेल्या होत्या. फिलिप झिमरमन यांनी १९९१ मध्ये अशी एक आज्ञावली प्रसिद्ध केली आणि ती परदेशी गेली. त्यांच्यामागे तीन वर्षे चौकशी चालली व १९९६ मध्ये आरोप न ठेवताच ती बंद झाली. दरम्यान डॅनियल बर्नस्टाइन हे गणितज्ञ १९९५ मध्ये न्यायालयात गेले. आज्ञावली लिहिणे हे भाषणस्वातंत्र्यच होय, हा त्यांचा दावा न्यायालयांनी मान्य केला. २००० साली निर्बंध पुष्कळ सैल झाले.

दोन्हीकडे कायदा संदिग्धच होता. पण एका ठिकाणी त्याचा अर्थ विचारण्यास दार उघडे होते. दुसऱ्या ठिकाणी दार कागदावर असूनही ते कोणी उघडले नाही. बीदर-गुलबर्ग्याच्या रयतेला त्याची किंमत मोजावी लागली.