पदवी खरी कशावरून?

नोकरीसाठीं आलेल्या उमेदवारानें पदवीचा कागद पुढें ठेवला, म्हणजे तो पाहणाऱ्या मालकाच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. ह्या माणसाला खरोखर कांहीं येतें काय, हा पहिला. आणि हा कागद खरोखर त्याचाच आहे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्या माणसापाशीं असतें. दुसऱ्याचें उत्तर मात्र त्याच्यापाशीं नसतें. तें कागद देणाऱ्या संस्थेच्या दप्तरांत असतें. इतकी साधी गोष्ट व्यवहारांत उतरण्यास फार काळ लागला, आणि ती उतरल्यावरहि तिच्यांतून नव्या अडचणी उत्पन्न झाल्या. श्रोतेहो, त्या प्रवासाची थोडीशी हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

विद्वत्तेचें खोटें सोंग ही कांहीं छापखान्याच्या युगाची निपज नव्हे. सातव्या शतकांत भरतखंडांत आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग यानें नालंदा येथील विद्यापीठाचें वर्णन लिहून ठेविलें आहे. तो सांगतो कीं, तेथें प्रवेश मागणारास दारावरच कठीण प्रश्न विचारले जात, आणि दहांपैकीं सात-आठ जण तेथूनच परत फिरत. पुढें तो असेंहि सांगतो कीं, नालंदाच्या विद्यार्थ्यांना जिकडेतिकडे मोठा मान मिळे, आणि म्हणून कांहीं लोक तेथें न शिकतांच तें नांव लावून हिंडत व सत्कार पदरांत पाडून घेत. छापील पदवीपत्रें जन्मास येण्याच्या कितीतरी आधीं पदवीची चोरी जन्मास आली होती! यजमानाजवळ त्यावर उपाय एकच होता: पाहुण्याला वादास बसवावयाचें आणि त्याचें पाणी जोखावयाचें.

आपल्याकडेहि बरेच दिवस हाच मार्ग चालत आला. पेशवाईंत पुण्यास श्रावणमासाच्या दक्षणेसाठीं दूरदूरचे ब्राह्मण जमत. सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं सुरू केलेली ही प्रथा पुढें पेशव्यांनीं चालविली. विद्वान् म्हणून आलेल्यांची परीक्षा शास्त्रीमंडळी घेत, आणि जशी ज्याची तयारी तशी त्याची दक्षणा ठरे. येथें दान देणारा व पारख करणारा एकच असल्यामुळें दाखल्याचें प्रयोजन फारसें नव्हतें. ज्याला जें येत असेल तें त्यानें म्हणून दाखवावें. विद्या कंठांत आहे कीं नाहीं, हें ऐकणारास तात्काळ कळे.

परंतु ही रीत लहान समाजाची. परीक्षक आणि उमेदवार समोरासमोर बसूं शकतात तोंवरच ती चालते. इंग्रजी अमलांत कचेऱ्या वाढल्या, कारकून, मुनसफ, मास्तर यांची गरज शेंकड्यांनीं पडूं लागली, आणि प्रत्येकास समोर बसवून तपासण्यास साहेबाला सवड उरली नाहीं. १८४४ सालीं गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंज यांनीं असा ठराव केला कीं, सरकारी जागा भरतांना नव्या शाळा-कॉलेजांतून शिकलेल्यांस अग्रहक्क द्यावा, आणि त्यासाठीं बंगालच्या शिक्षणमंडळानें लायक विद्यार्थ्यांच्या याद्या सरकारकडे पाठवाव्या. ह्या ठरावांतील एक बारकावा लक्षांत घेण्याजोगा आहे. आपली लायकी विद्यार्थ्यानें स्वतः येऊन सांगावयाची नव्हती. शिकविणारांनीं ती नोकरी देणाऱ्यास परस्पर कळवावयाची होती. कागद उमेदवाराच्या हातांतून गेलाच नाहीं, तर त्यांत खाडाखोड कोण करणार?

पुढें १८५७ मध्यें कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें विद्यापीठें स्थापन झालीं. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्यें झाली, आणि १८६२ मध्यें महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. चार पदवीधरांची ओळख पटविण्यास दप्तर लागत नाहीं. त्यांना सारें शहर ओळखतें. पण चारांचे चारशें आणि चारशांचे चार हजार झाले, म्हणजे ओळखीचा आधार सुटतो. ती उणीव विद्यापीठाच्या 'कॅलेंडर'नें भरून काढली. ह्या जाडजूड वार्षिक ग्रंथांत पदवीधरांचीं नांवें छापलेलीं असत. ज्याला शंका येई त्यानें पुस्तक उघडावें आणि नांव शोधावें. आजच्या पडताळणीचें बीज त्या नामावळींत आहे.

अशीं दप्तरें तयार झालीं म्हणजे प्रश्न सुटला, असें कोणास वाटेल. तो सुटला नाहीं, हें १८६९ सालच्या एका प्रकरणावरून दिसून येतें.

इंग्लंडांत १८५५ मध्यें सिव्हिल सर्व्हिस कमिशन स्थापन झालें. उमेदवाराचें वय, प्रकृति, वर्तन आणि ज्ञान ह्या चार गोष्टींची खात्री करून घेऊन मगच त्याला लायकीचें प्रमाणपत्र द्यावयाचें, हें त्याचें काम. हिंदुस्थानच्या सनदी नोकरीची परीक्षाहि लौकरच ह्याच कमिशनकडे आली. १८६९ मध्यें त्या परीक्षेंत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बानर्जी, आणि आपल्या मुंबई इलाख्यांतील श्रीपाद बाबाजी ठाकूर. परक्या शहरांत, परक्या भाषेंत, परक्या परीक्षकांपुढें मिळविलेलें हें यश लहान नव्हतें. पण कमिशनरांनीं सुरेंद्रनाथ व ठाकूर या दोघांच्या वयासंबंधीं हरकत काढली, आणि त्यांचीं नांवें यादींतून गाळलीं.

सुरेंद्रनाथांविरुद्धच्या हरकतीचें मूळ विद्यापीठाच्या दप्तरांत होतें. १८६३ मध्यें कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेस बसतांना त्यांनीं आपलें वय सोळा असें लिहून दिलें होतें. तेव्हां सोळा वर्षें पुरीं झालीं होतीं असें धरलें, तर सनदी परीक्षेची एकवीस वर्षांची मर्यादा त्यांनीं ओलांडली असें ठरत होतें. परंतु त्यांचा जन्म १८४८ च्या नोव्हेंबरांतला. १८६३ च्या अखेरीस त्यांचीं पंधरा वर्षें पुरीं होऊन सोळावें लागलें होतें. आपल्या घरांतील वडील माणसें नातवाचें वय सांगतांना 'सोळावें लागलें' असेंच म्हणतात; चालू वर्ष धरून वय सांगण्याची ही रीत बंगालांत होती तशी महाराष्ट्रांतहि होती. म्हणजे उमेदवार खोटें बोलला नव्हता, आणि दप्तरहि खोटें नव्हतें. दोहोंच्या मध्यें हिशेबाची रीत बदलली होती, एवढेंच.

सुरेंद्रनाथांनीं दिलेला खुलासा कमिशनरांनीं मानला नाहीं. तेव्हां त्यांनीं लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयांत दाद मागितली. न्यायालयानें कमिशनरांना कारण दाखविण्यास फर्माविलें, आणि अखेर कमिशनरांनीं माघार घेऊन दोघांचींहि नांवें यादींत पुन्हां घेतलीं. सुरेंद्रनाथ १८७१ मध्यें स्वदेशीं परतले. पण त्यांच्या वडिलांना, डॉक्टर दुर्गाचरण बानर्जी यांना, तो दिवस दिसला नाहीं. ते १८७० मध्येंच निवर्तले होते. अशी लढाई लढण्यास पैसा लागतो, वेळ लागतो आणि पाठीशीं माणसें लागतात. सुरेंद्रनाथांना तीं लाभलीं. एखाद्या गरीब उमेदवारास तीं न लाभतीं, तर दप्तरांतील तो एक आंकडा त्याच्या कपाळावर लबाडीचा शिक्का जन्माचा मारून गेला असता.

ह्या प्रकरणाचा बोध असा कीं, पडताळणी करणारानें दप्तरास विचारणें जितकें अवश्य, तितकेंच उमेदवारास विचारणेंहि अवश्य आहे. कागद खरा कीं खोटा हें दप्तर सांगतें. त्यावरील आंकड्याचा अर्थ काय, हें पुष्कळदां माणसालाच विचारावें लागतें.

विसाव्या शतकांत अर्जांचे गठ्ठे वाढले. मूळ कागद टपालानें धाडणें धोक्याचें, म्हणून 'खरी नक्कल' नांवाची एक संस्थाच उदयास आली. टंकलिखित प्रत घेऊन एखाद्या राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारांत उभें राहावयाचें, सही-शिक्का मिळवावयाचा आणि ती प्रत अर्जास जोडावयाची, हा कित्येक पिढ्यांच्या तरुणांचा उमेदवारींतील पहिला व्यायाम होता. परंतु ती सही कशाची ग्वाही देई? नक्कल अस्सलाशीं जुळते, एवढ्याचीच. अस्सल म्हणून दाखविलेला कागदच बनावट असला, तर त्या सहीनें त्याचा बनावटपणा कमी होत नसे. उलट त्यास सरकारी शिक्क्याची शोभा येई. २०१४ च्या सुमारास केंद्र सरकारनें नकलेवर उमेदवाराची स्वतःचीच सही घ्यावी, असें धोरण पुढें आणलें. त्यांत कोणाला ढिलाई दिसेल. पण विचारांतीं असें आढळेल कीं, पदवीच्या खरेपणाविषयीं बोलण्याचें सामर्थ्य जुन्या सहींतहि नव्हतें.

कागद अस्सल, पण तो देणारी संस्थाच पोकळ, असाहि एक प्रकार असतो. तेथें पदवीपत्रावरची सही खरी, शिक्का खरा, क्रमांकहि खरा. खोटें काय तें मागचें विद्यापीठच. अशा वेळीं केवळ संस्थेस पत्र लिहून भागत नाहीं, कारण ती संस्था 'होय, पदवी आमचीच' असें आनंदानें कळवील. म्हणून पदवी देण्याचा अधिकार कोणाचा, हें कायद्यानें ठरवावें लागतें. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यानें हा अधिकार रीतसर स्थापन झालेल्या विद्यापीठांपुरता व कायद्यानें तो अधिकार दिलेल्या संस्थांपुरता ठेविला, आणि आयोग बोगस विद्यापीठांच्या याद्या प्रसिद्ध करीत असतो. मात्र त्या मूळ कायद्यांत ह्या अपराधास एक हजार रुपयांपर्यंतच दंड सांगितला होता. वैद्यकीच्या धंद्यांत मुंबई इलाख्यानें अशी काळजी त्यापूर्वींच घेतली होती: १९१२ च्या कायद्यानें येथें डॉक्टरांचें नोंदणीपुस्तक सुरू झालें. रोग्याला डॉक्टरची पदवी तपासतां येत नाहीं. त्याच्या वतीनें ती कोणीतरी आधींच तपासून ठेवावी, हा त्यांतील हेतु.

आजची रीत ह्या सर्व अनुभवांतून तयार झाली आहे. जबाबदार मालक उमेदवाराची संमति घेऊन त्याचा बैठक क्रमांक, परीक्षेचें वर्ष व मिळालेला वर्ग विद्यापीठाच्या परीक्षा विभागास कळवितो, शुल्क भरतो आणि उत्तर मागवितो. मोठ्या कंपन्या हें काम त्यासाठींच निघालेल्या संस्थांवर सोंपवितात. २०१७ मध्यें भारतांत 'नॅशनल अकॅडेमिक डिपॉझिटरी' ही संगणकावरची पेढी सुरू झाली; विद्यापीठानें तेथें ठेविलेली पदवी उमेदवाराच्या संमतीनें मालकाला थेट पडताळतां येते. कागद उमेदवाराच्या हातांतून जाऊंच नये, ही १८४४ च्या ठरावांतील कल्पना पावणेदोनशें वर्षांनीं विजेच्या वेगानें परत आली, असें म्हटल्यास चालेल.

परदेशीं जाणारांच्या बाबतींत १९६१ च्या हेग करारान्वयें 'अपोस्टिल' नांवाचा शिक्का घेतात; भारतांत हा करार २००५ पासून लागू आहे. तो शिक्का मिळाला म्हणजे पदवी सिद्ध झाली, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक त्या शिक्क्यानें कागदावरची सही व मोहोर ज्याची म्हणवते त्याचीच आहे, इतकेंच सांगितलें जातें. कागदांतील मजकुराची हमी तो देत नाहीं. 'खऱ्या नकले'चीच ही थोरली बहीण!

आणि १८६९ ची ती अडचण? तिनें केवळ वेष पालटला आहे. मराठी घरांतील मुलीची पदवी माहेरच्या नांवावर असते. लग्नानंतर वडिलांच्या नांवाच्या जागीं पतीचें नांव येतें, आडनांव पालटतें, क्वचित् पाळण्यांतलें नांवहि पालटतें. माणूस एकच, पण दप्तर आणि अर्ज शेजारीं ठेवले, तर यंत्राला दोन निराळ्या स्त्रिया दिसतात. मुलाच्या बाबतींत वडिलांच्या नांवापुढें एका दाखल्यांत 'राव' असतो, दुसऱ्यांत नसतो. आडनांव इंग्रजींत एकदां एका रीतीनें लिहिलेलें, पुन्हां दुसऱ्या रीतीनें. ह्यांत कोणाची लबाडी नाहीं. पण तपासणारानें 'नोंद जुळत नाहीं' एवढेंच लिहून कागद परत केला, तर उमेदवाराला आपलें काय चुकलें हेंहि कळत नाहीं.

म्हणून घरोघरच्या मंडळींस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, मुलांचे दाखले कपाटांत ठेवण्यापूर्वीं त्यांवरील नांव, जन्मतारीख व क्रमांक हीं एकमेकांशीं ताडून पाहावीं. चूक दिसली तर शाळा-कॉलेजांत वेळींच दुरुस्त करून घ्यावी, आणि नांव बदललें असेल तर त्याची नोंद शासनाच्या राजपत्रांत करून तो अंक जपून ठेवावा. नोकरी देणारांस सुचवावेंसें वाटतें तें असें कीं, दप्तराचें उत्तर प्रतिकूल आलें, तर निर्णय करण्यापूर्वीं तें उमेदवारास दाखवावें आणि त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें.

खोटी पदवी खपून गेली, तर तिचें मोल रोगी देतो, पुलावरून जाणारा वाटसरू देतो, वर्गांत बसलेलें मूल देतें. खरी पदवी नाकारली गेली, तर तिचें मोल एकटा उमेदवार आणि त्याचें घर देतें. पहिल्या हानीपासून समाजाला वांचविण्यासाठीं दप्तर आहे. दुसऱ्या हानीपासून माणसाला वांचविण्यासाठीं, दप्तर पाहून झाल्यावर त्यालाहि एक प्रश्न विचारण्याची सवय हवी. १८६९ मध्यें तो प्रश्न विचारला गेला होता, पण त्याचें उत्तर ऐकून घेण्यास न्यायालयाची आज्ञा लागली.